आधी मोत्यांना विचारा!

दोस्तांनो, कुंडीतून खाली लोंबणाऱ्या हिरव्या मोत्यांच्या माळा तुम्ही कधी पाहिल्या आहेत का? नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ म्हणून मिळणारं हे झाड हौसेनं घरी येतं आणि पुष्कळदा महिन्याभरातच मान टाकतं. का बरं? कारण आपण त्याचे फार लाड करतो!

त्याचं मूळ घर दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप भागात. तिथल्या कोरड्या जमिनीवर, खडकांच्या नि झुडपांच्या सावलीत ते पसरतं. १९६८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, ते गॉर्डन रोली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून.

हे मोती म्हणजे चक्क पानं आहेत! प्रत्येक पान ही पाण्याची चिमुकली टाकी. पण गोलच का? तेवढंच पाणी चपट्या पानात भरलं, तर पृष्ठभाग वाढेल आणि पाणी लवकर उडून जाईल. मग गोल पानाच्या आत उजेड कसा पोहोचणार? मोती जवळून पाहा. एक गडद, अर्धपारदर्शक रेघ दिसेल. ती पानाची खिडकी. तिच्यातूनच उजेड आत जातो.

मग पाणी कधी घालायचं? वार ठरवू नका, मोत्यांना विचारा. ते टपोरे असतील, तर थांबा. किंचित सुरकुतले आणि बोटभर खोलपर्यंत माती कोरडी लागली, की तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. ताटलीत साचलेलं पाणी मात्र ओतून टाका. मोती सुरकुतलेले, पण माती ओली असेल तर? सावधान! मुळं कुजत असतील. कुजकी मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून झाड पाण्यात राहून तहानलेलं!

अशा वेळी टपोऱ्या मोत्यांच्या वीतभर माळा कापा आणि दिवसभर सुकू द्या. निम्मी माती नि निम्मी जाड वाळू मिसळून त्यावर त्या आडव्या ठेवा. देठ मातीला टेकायला हवा. अधूनमधून थोडं पाणी शिंपडा. काही आठवड्यांत नवी मुळं फुटतात.

कुंडीला तळाशी भोक हवंच. सकाळचं कोवळं ऊन चालेल, मे महिन्यातलं दुपारचं नको. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या.

आणि हो, हे मटार नव्हेत! पोटात गेले तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल, तर कुंडी उंच टांगा.

आता आई तांब्या घेऊन निघाली, की म्हणा, “आई, थांब! आधी मोती बघू.”