लेक व्हायटिंग म्हणजे कुणाचे तळे?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. त्या वाटेने भोर गाव येण्याआधीच वेळवंडी नदीवर भाटघरची दगडी भिंत दिसते. लांबी 1625 मीटर, उंची 58 मीटरच्या आसपास. पोटात साडेतेवीस टीएमसी पाणी. पावसाळ्यात 'भाटघर भरले' आणि उन्हाळ्यात 'भाटघरने तळ गाठला' अशा दोन बातम्या पुणेकर दरवर्षी वाचतो. जुन्या इंग्रजी नकाशांत मात्र भिंतीचे नाव 'लॉइड डॅम' आणि पाण्याचे 'लेक व्हायटिंग' असे वेगवेगळे पडलेले आहे.

लॉइड कोण, हे शोधायला फार खटपट पडत नाही. सर जॉर्ज लॉइड 1918 च्या अखेरीपासून 1923 पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. सिंधमधल्या सक्करच्या प्रचंड बराजलाही त्यांचेच नाव मिळाले. भाटघरचे धरण पुरे होईतो त्यांची मुदत संपून गेली होती. 1928 मध्ये उद्घाटन केले ते त्यांच्यानंतरच्या सर लेस्ली विल्सन यांनी. विल्सनही नावावाचून राहिले नाहीत म्हणा, भंडारदऱ्याचे धरण त्यांच्या नावाचे आहे.

अडते ते व्हायटिंगपाशी. मुंबईच्या गव्हर्नरांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली तरी त्यात व्हायटिंग नाही. हा माणूस सापडतो पाटबंधाऱ्यांच्या दप्तरात. जे. ई. व्हायटिंग हे त्या खात्यातले कार्यकारी अभियंता. नीरा कालव्याची योजना आणि भाटघरचे पहिले धरण ही त्यांची कामगिरी.

पहिले म्हणायचे, कारण आज दिसते ते धरण दुसरे. 1876-77 च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याची पूर्व बाजू होरपळली. भोरच्या डोंगरात धो धो पाऊस आणि बारामती-इंदापुरात प्यायला पाणी नाही, ही विसंगती सरकारला तेव्हा झोंबली आणि दुष्काळी कामांतून नीरा कालव्याची खोदाई सुरू झाली. योजना साधी होती, पण डोकेबाज. पाणी डोंगराच्या कुशीत भाटघरला साठवायचे, लागेल तसे नदीतच सोडायचे, आणि खाली वीरजवळ बंधारा घालून डाव्या कालव्यात वळवायचे. म्हणजे मधल्या टप्प्यात कालवा खणायची गरजच नाही. ते काम नदी फुकटात करते. भाटघरच्या त्या साठ्याला व्हायटिंग यांचे नाव पडले. यात नवल नव्हते. खडकवासल्याच्या तलावाला त्याआधीच कर्नल फाइफ या इंजिनिअरचे नाव मिळाले होते. त्या पिढीत तळ्यांवर इंजिनिअरांचा मान होता. गव्हर्नर मंडळींची नजर पुढे धरणांकडे वळलेली दिसते.

उसाचे क्षेत्र वाढले, पाणी पुरेना. तेव्हा जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला, एक किलोमीटरही अंतर नसेल अशा जागी, लॉइडसाहेबांच्या नावाचे मोठे धरण उभे राहिले. पाणी चढले आणि व्हायटिंग यांचे मूळ धरण त्यात गेले. स्वतःच्याच नावाच्या तळ्यात स्वतःचे धरण बुडालेला दुसरा इंजिनिअर माझ्या तरी ऐकिवात नाही.

या नव्या भिंतीवर पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचे 45 स्वयंचलित दरवाजे. धरण काठोकाठ आले की पाण्याच्या पातळीनुसार ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या धरणावरची ही करामत ऑगस्टमध्ये, धरण भरल्यावर पाहावी. उन्हाळ्यात जाणाऱ्याने वरच्या बाजूला कांबरे गावाकडे वळावे. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते आणि दर्शनाला रीघ लागते.

स्वातंत्र्यानंतर नकाशावरची नावे बदलली. या पाण्याचे आजचे अधिकृत नाव येसाजी कंक जलाशय. येसाजी म्हणजे शिवरायांच्या पायदळाचे सरनौबत. त्यांचे भुतोंडे गाव याच जलाशयाच्या काठी आहे. संभाजी महाराजांच्या काळात फोंड्याच्या लढाईत पोर्तुगीजांशी ते मुलासह झुंजले; मुलगा कृष्णाजी त्यात कामी आला. लॉइड, व्हायटिंग, कंक या तिघांत खोऱ्यातला म्हणावा असा माणूस हा एकच, तेव्हा नाव योग्य ठिकाणी गेले. लॉइडसाहेबांच्या पाटीची मला काडीची हळहळ नाही. व्हायटिंग यांची गोष्ट निराळी. बारामतीच्या उसाच्या फडात आजही जे आवर्तन पोहोचते, त्याची वाट त्यांनी आखली होती. भिंतीपाशी त्यांच्याविषयी चार ओळी मराठीत लिहायला पाटबंधारे खात्याला फार खर्च येणार नाही.