'फिल्म बनवून मुलं बदलली' हे तुम्हाला कळलं कसं?

पीएच.डी.साठी अर्ज करणारे ज्युनिअर्स आपले आराखडे मला वाचायला पाठवतात. त्यांत एक शीर्षक थोड्याफार फरकाने हमखास असतं : 'पथनाट्याचा युवकांवर होणारा परिणाम : एक अभ्यास'. कधी पथनाट्याच्या जागी लघुपट असतो, कधी लोककला. विषय चांगलाच आहे. वस्तीतल्या मुलांना घेऊन नाटक बसवणाऱ्या, त्यांच्या हातात कॅमेरा देणाऱ्या संस्था आपल्या आजूबाजूला आहेत आणि त्यांच्यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय.

अडचण आहे ती 'परिणाम' या शब्दाची. मुलाखतीत समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "परिणाम झाला हे तुम्हाला कळणार कसं?" आणि आपण म्हणतो, "सर, प्रश्नावली भरून घेणार." इथे बरेच जण अडकतात. मीही अडकले होते, आणि मुलाखतीत नव्हे, प्रत्यक्ष कामात. म्हणून आधी माझी चूक सांगते.

माझा फॉर्म

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असताना मी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेला मदत करायला जायचे. वस्तीतल्या मुलामुलींसाठी त्यांनी दहा दिवसांची फिल्म कार्यशाळा घेतली. पहिले दोन दिवस खेळ आणि गप्पा, मग गोष्ट लिहिणं, मग शूटिंग, शेवटी एडिटिंग. दहाव्या दिवशी समाजमंदिरात पडदा लावून फिल्म दाखवली. आयाबाया, आजोबा, शेजारी, सगळे आले. टाळ्या, फोटो, चहा-बिस्किटं. आणि त्या गडबडीत मी फॉर्म वाटले. प्रश्न मीच तयार केले होते : 'कार्यशाळेमुळे तुमचा आत्मविश्वास वाढला का?' हो / नाही.

जवळपास सगळ्यांनी 'हो' वर खूण केली. अहवालात तसं गेलं. देणगीदार खूश, पुढच्या वर्षीचे पैसे पक्के.

दोनेक महिन्यांनी त्याच वस्तीत एक मुलगी भेटली. ती चौथ्या दिवसानंतर आलीच नव्हती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ताई, कॅमेरा पोरांकडेच असायचा. आम्ही उन्हात थर्माकोल धरून उभ्या. त्यापेक्षा घरचं काम काय वाईट?"

तिच्यापर्यंत माझा फॉर्म पोचलाच नव्हता, कारण फॉर्म शेवटच्या दिवशी हजर असलेल्यांनाच दिला होता. कार्यशाळेबद्दलची सगळ्यात उपयोगाची माहिती तिच्याकडे होती. पुढच्या वर्षी कार्यशाळा जशीच्या तशी झाली. कॅमेरा पुन्हा मुलांकडेच. का बदलणार? अहवालात सगळं छानच होतं ना!

प्रयोगशाळेत मी ब्लँक न लावता स्पेक्ट्रोफोटोमीटरचं रीडिंग घेतलं असतं तर सरांनी वही फेकली असती. इथे मात्र ब्लँक नाही, आधीचं रीडिंग नाही, अर्धे नमुने गायब, आणि तरी मी निष्कर्ष लिहून मोकळी झाले.

८४ टक्क्यांची गोष्ट

ही फक्त माझ्यासारख्या नवख्यांची चूक नाही. या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला वाद याच मुद्द्यावर झाला. तुमच्या आराखड्यात तो असायलाच हवा, म्हणून थोडक्यात सांगते.

ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटापासून सामुदायिक कलेची चळवळ वाढत गेली. कलाकारांनी वस्तीत जायचं आणि तिथल्या लोकांबरोबर नाटक, भित्तिचित्रं, संगीत, व्हिडिओ करायचे, अशी साधारण कल्पना. पुढे सरकारी अनुदानाचा प्रश्न आला : कलेवर पैसे का खर्च करायचे? १९९७ मध्ये फ्रान्स्वा मातारासो यांचा 'यूज ऑर ऑर्नामेंट?' हा अहवाल आला. कलेतल्या सहभागाचे ५० सामाजिक परिणाम त्यांनी त्यात मांडले. सहभागी झालेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी आपला आत्मविश्वास वाढल्याचं सांगितलं, हा त्यातला एक आकडा. धोरणं ठरवणाऱ्यांना अशी भाषा हवीच होती. अहवाल खूप वापरला गेला.

२००२ मध्ये पाओला मेर्ली यांनी एका शोधनिबंधात त्याची चिरफाड केली. त्यांचे पद्धतीबद्दलचे आक्षेप आपल्या शब्दांत सांगायचे तर असे : सहभागाच्या आधीची मोजणी नाही. सहभागी न झालेल्यांशी तुलना नाही. प्रश्नांची रचनाच अशी की 'हो' म्हणणं सोपं. आणि 'बदल झाला असं मला वाटतं' या उत्तराला 'बदल झाला' याचा पुरावा मानलं गेलं. पुढच्याच वर्षी मातारासो यांनी उत्तर दिलं आणि आपल्या कामाची बाजू मांडली. हे तीनही मजकूर एका बैठकीत लागोपाठ वाचा. पद्धतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या चार प्रकरणांइतकं शिकायला मिळतं.

पण मेर्लींचा आणखी एक आक्षेप आहे, आणि मला तो जास्त बोचला. समजा, मोजणी अगदी बिनचूक झाली आणि गरीब वस्तीतल्या लोकांना खरंच बरं वाटायला लागलं. पण घर, काम, शाळा, पोलीस यांतलं काहीच बदललं नाही. मग कलेने काय केलं? परिस्थिती सोसायला सोपी केली, एवढंच? म्हणजे माणसाच्या आत झालेला बदल मोजताना त्याच्या बाहेरची परिस्थिती नजरेआड होऊ शकते.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण आपल्या जवळचं एक उदाहरण घेऊ.

छारानगर

अहमदाबादच्या छारानगरमध्ये छारा समाज राहतो. महाराष्ट्रातला कंजारभाट समाज त्यांच्या नात्यातलाच. ब्रिटिशांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, शिक्का मात्र राहिला.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया सबर जमातीच्या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. महाश्वेता देवी ज्या संघटनेबरोबर काम करत होत्या ती संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. जुलैमध्ये न्यायालयाने बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी काम सुरू केलं. छारानगरमध्ये एक वाचनालय निघालं. तिथे जमणाऱ्या मुलामुलींनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवलं आणि ऑगस्टमध्ये त्याचा प्रयोग केला. 'बुधन थिएटर' हे नाव तिथूनच आलं.

लक्षात घ्या, बुधन बंगालचा, ही मुलं गुजरातची. भाषा वेगळी, जमात वेगळी. पण पोलीस दारावर आल्यावर काय होतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पुढे त्यांनी पिन्या हरी काळेच्या मृत्यूवरही नाटक केलं. पिन्या बारामतीकडचा पारधी. त्याचाही मृत्यू १९९८ मध्येच, पोलीस कोठडीत झाला.

नाटकाबरोबर कॅमेराही आला. गटातले दक्षिण बजरंगे माहितीपट करू लागले आणि २०१७ मध्ये त्यांनी 'समीर' हा चित्रपट दिग्दर्शित केला. या गटावर शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी केलेला 'प्लीज डोन्ट बीट मी, सर!' हा माहितीपट २०११चा आहे. गटातली काही मुलं राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोचली.

आता संशोधक म्हणून बसा. 'परिणाम' काय लिहाल?

पहिला मोह : 'नाटकामुळे बुधनला न्याय मिळाला.' तारखा बघा. न्यायालयाचा आदेश जुलैचा, प्रयोग ऑगस्टचा. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं, एवढा साधा नियमही भावनेच्या भरात आपण विसरतो.

दुसरा मोह : 'मुलं नाट्य विद्यालयात गेली, म्हणजे नाटकाने आयुष्य बदललं.' असेल. पण जी धडपडी होती तीच वाचनालयात आली असतील, आणि ती नाटकाशिवायही पुढे गेली असती, ही शक्यता तपासलीत का? आणि जी आली नाहीत, ती कुठे आहेत? माझी थर्माकोलवाली मुलगी आठवा.

तिसरा मोह उलट्या दिशेचा. जुलै २०१८ मध्ये छारानगरमध्ये पोलिसांची मोठी कारवाई झाली. पोलिसांचं म्हणणं होतं की त्यांच्या माणसांवर हल्ला झाला होता. पोलिसांनी घरात घुसून मारहाण केली, गाड्या फोडल्या, असा रहिवाशांचा आरोप होता. मग लिहायचं का, 'वीस वर्षं नाटकं करून परिणाम शून्य'? पोलिसांचं वागणं हाच तुमचा मापदंड असेल तर कदाचित तसं दिसेल. पण पुढच्या काही दिवसांत काय घडलं, तेही विदा म्हणून बघा. मारहाणीच्या तक्रारी दंडाधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. वस्तीने मूक मोर्चा काढला. बातम्या देशभर गेल्या, कारण वस्तीत कॅमेरा वापरणारे, पत्रकार आणि वकील होते.

यातलं किती नाटकामुळे, किती शिक्षणामुळे, किती वकिलीच्या जुन्या परंपरेमुळे? हे वेगळं काढायचं तर फॉर्म पुरणार नाही. जुनी कात्रणं, खटल्याची कागदपत्रं, दीर्घ मुलाखती, आणि नाटकाशी संबंध नसलेल्या छारा कुटुंबांशीही बोलणं, एवढं सगळं लागेल. वेळ लागेल. पण मेर्लींनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारी वाट तीच आहे. बुधनचं नाटक करणाऱ्या मुलांना त्या प्रयोगानंतर 'बरं' वाटलंच असेल असं नाही. कदाचित त्यांचा राग वाढला असेल. 'आत्मविश्वास वाढला का' या रकान्यात तो राग कुठे लिहिणार?

तुमच्या आराखड्यासाठी

शीर्षक पक्कं करण्याआधी ही चार उत्तरं कागदावर लिहून काढा.

१. बदल कोणात? करणाऱ्यात, बघणाऱ्यात, की वस्तीच्या परिस्थितीत? तिन्ही मोजायला जाऊ नका. एक निवडा आणि बाकीचे का सोडले ते लिहा.

२. कशाच्या तुलनेत? आधीची नोंद घ्या. कार्यशाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जाऊन बसणं, एवढंही पुष्कळ. तुलनेसाठी दुसरा गट मिळत नसेल तर तशी मर्यादा स्पष्ट लिहा. समिती मर्यादेमुळे गुण कापत नाही, ती लपवल्यामुळे कापते.

३. कोण गळालं? पहिल्या दिवसाची हजेरी आणि शेवटच्या दिवसाची हजेरी शेजारी ठेवा. मधे गळलेल्यांपैकी निदान काहींना घरी जाऊन भेटा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

४. विचारण्याऐवजी बघता येईल का? 'आत्मविश्वास वाढला का' असं विचारण्यापेक्षा शूटिंगच्या प्रत्येक दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात किती मिनिटं होता ते लिहून ठेवा. चर्चेत पहिलं कोण बोललं, कोणाची सूचना फिल्ममध्ये आली, हेही नोंदवता येतं. यासाठी लागतं काय? एक वही आणि एक घड्याळ.

आणि एक पाचवी गोष्ट, जी पद्धतिशास्त्राच्या तासाला कोणी सांगत नाही. या संस्था तुटपुंज्या पैशांवर चालतात. तुमचा अहवाल त्यांचं पुढचं वर्ष ठरवू शकतो, म्हणून गोड लिहिण्याचा दबाव येतो, बहुतेक वेळा आपल्याच मनातून. मलाही वाटलं होतं की चांगलं लिहिलं तर कार्यशाळा टिकेल. टिकली, आणि तिच्याबरोबर तो थर्माकोलही टिकला. काम सुरू करण्याआधीच संस्थेशी बोलून घ्या : "जे दिसेल ते आधी तुम्हाला सांगेन, पण लिहीन खरं." चांगली माणसं याला नाही म्हणत नाहीत.

एक छोटा सराव. तुमच्या गावात किंवा कॉलेजात पुढचं पथनाट्य होईल तेव्हा नटांकडे पाठ करून उभे राहा आणि पंधरा मिनिटं फक्त प्रेक्षकांच्या नोंदी करा. कोण थांबलं, कोण निघून गेलं, कोण मोबाइल काढून शूट करत होतं, कोणत्या वाक्याला कुजबुज झाली. त्या नोंदी घेऊन मग शीर्षक लिहायला बसा. 'परिणाम' हा शब्द तेव्हाही तुम्हाला हवासा वाटला, तर खुशाल ठेवा.