मेनफ्रेमच्या घरचे कोण व पाहुणे कोण ?

बँकांचे हिशेब, विम्याचे हप्ते, विमानांतील जागा इत्यादि व्यवहारांत लक्षावधि लोकांचीं कामें एकाच वेळीं व बिनचूक व्हावीं लागतात. तेथें पुष्कळ मोठ्या संस्था आजहि मेनफ्रेम हा संगणक वापरितात. त्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलींस मिळून 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. तिचे घटक कोणते, असें विचारल्यास 'सी. आय. सी. एस.', 'डीबी टू', 'कोबोल' हीं नांवें पुष्कळदां ऐकूं येतात. परंतु हे त्या घरचे नव्हत ; हे पाहुणे होत.

भेद ओळखण्याची कसोटी अशी : ज्यावांचून इतर सर्वांचेंच अडतें, तो घरचा, जो निघून गेला तरी इतरांचीं कामें चालूं राहतात, तो पाहुणा. उदाहरणार्थ आम्ही आय. बी. एम. कंपनीची 'झेड-ओएस' घेतों. १९६४ सालीं 'सिस्टीम ३६०' यंत्रांबरोबर जाहीर झालेली 'ओएस ३६०' ही तिची पूर्वज. 'झेड-ओएस' हें नांव २००० सालचें.

घरांतील कर्ता म्हणजे 'बेस कंट्रोल प्रोग्राम'. कोणत्या कामास यंत्राचा किती वेळ द्यावा, हें तो ठरवितो. आणि प्रत्येक कामास स्मृतीची स्वतंत्र खोली देतो, त्यामुळें एकाच्या चुकीनें दुसऱ्याचा हिशेब सहसा बिघडत नाहीं. दुसरा 'जेस'. हा शाळेंतील कारकुनासारखा आहे : आलेलीं कामें नोंदवावीं, त्यांचा वर्ग व क्रम लावावा, पाळी येतांच तीं कर्त्याच्या हवालीं करावीं, आणि तयार झालेलें उत्तर छापून होईपर्यंत जपून ठेवावें. तिसरा कोठावळा 'डीएफएसएमएस'. कोणती माहिती कोणत्या चकतीवर आहे, याची सूची तो सांभाळतो. बाहेरील यंत्रांशीं बोलणें करणारा 'कम्युनिकेशन्स सर्व्हर' हाहि घरचाच.

पहाऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. आंत येणाऱ्यास अधिकार आहे कीं नाहीं, हें विचारणारी चौकी घरांतच बांधलेली असते. परंतु उत्तर देणारा पहारेकरी आय. बी. एम.चा 'रॅकएफ' असावा कीं दुसऱ्या कंपनीचा, हें मालकानें ठरवावयाचें.

आतां पाहुण्यांकडे वळूं. गिऱ्हाइकांचे व्यवहार तात्काळ उरकणारी 'सी. आय. सी. एस.' व माहितीचे तक्ते सांभाळणारी 'डीबी टू' या स्वतंत्रपणें घेतलेल्या आज्ञावली असून, इतर कामांप्रमाणेंच त्या आपापल्या खोलींत चालतात. कोबोल ही तर आज्ञा लिहिण्याची भाषा.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. बँकेच्या खिडकीवरील काम थांबलें म्हणजे लोक 'मेनफ्रेम बंद पडला' असें म्हणतात. वस्तुतः एखादी 'सी. आय. सी. एस.'च थांबलेली असूं शकते. अशा वेळीं तिच्यापुरतीच दुरुस्ती करावयाची सोडून सर्व यंत्र पुनः सुरू केलें, तर त्याच वेळीं चाललेली पगाराची आकारणीहि मध्येंच थांबेल, आणि एकाचें दुखणें सर्वांस भोगावें लागेल. म्हणून औषध देण्यापूर्वी दुखणें कोणाचें, हें ओळखणें अवश्य आहे. आणि त्यासाठीं घरचे कोण व पाहुणे कोण, हें आधीं ठाऊक असावें लागतें.