उदय नदीवरील वीजघर

पाणी उंचावरून खाली येते, म्हणूनच त्यापासून वीज मिळते. दर सेकंदास २५० लिटर पाणी १० मीटर उंचीवरून पडत असेल, तर त्यात सुमारे २४.५ किलोवॅट शक्ती असते. नळातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट वजा जाता १५ किलोवॅटच्या आसपास शक्ती तारांपर्यंत पोहोचते. कोयनेच्या १,९६० मेगावॅटशेजारी हा आकडा नगण्य वाटेल. परंतु दार्जिलिंगजवळील सिद्रापोंगचे १८९७ मधील वीजघरही अवघे १३० किलोवॅटचे होते.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांत बिलगाव हे आदिवासी गाव आहे. नर्मदेला मिळणारी उदय नदी तेथे खडकावरून कोसळते. ही जागा हेरून केरळातील अभियंत्यांनी योजना आखली आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. धबधब्याच्या वर पाणी अडवून ते नळाने खालच्या वीजघरात आणण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचे हे केंद्र सुरू झाले आणि विखुरलेल्या पाड्यांवर दिवे लागले.

सुमारे १८० कुटुंबांत ही वीज वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्यास ८० वॅटच्या आसपास येते. म्हणजे दोन साधे दिवे. अशा केंद्रात विजेचा साठा नसतो. एखाद्याने शेगडी लावली, तर जनित्राची गती मंदावते व सर्वांचेच दिवे मिणमिणतात. उलट, दिवे एकदम मालवले तर यंत्र भरधाव फिरू लागते. म्हणून अनेक ठिकाणी जादा वीज पाणी तापविण्यात खर्ची घालतात. किती दिवे लावावयाचे हे गावानेच ठरवावे लागते, आणि माझ्या मते यंत्र बसविण्यापेक्षा हे काम कठीण आहे.

बिलगावास ते फार काळ करता आले नाही. पाण्याची शक्ती वरच्या व खालच्या पातळीतील अंतरावर अवलंबून असते; खालचे पाणी चढू लागले की ते अंतर घटते. वीजघर मुद्दाम शक्य तितके खाली बांधतात, त्यामुळे प्रथम बुडते तेही तेच. ऑगस्ट २००६ मध्ये पुराच्या व सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्याखाली बिलगावचे वीजघर गेले. त्या वर्षाअखेर धरणाची उंची १२१.९२ मीटर झाली. २०१७ मध्ये ते १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला.