तीन रंगांचा नकाशा

शाळेच्या प्रत्येक वर्गात बिनतारी इंटरनेट पोचवायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो, ‘यंत्रे किती घ्यायची?’ त्याआधी विचारायला हवे, ‘ती बसवायची कोठे?’ चुकीच्या जागी बसवलेली यंत्रे एकमेकांचीच अडचण करतात.

असे का होते? ॲक्सेस पॉइंट हे रेडिओलहरींनी बोलणारे आणि ऐकणारे यंत्र आहे. त्याच्यासाठी १९९७ साली आलेल्या ८०२.११ या मानकाचा मूळ नियम असा: बोलण्यापूर्वी ऐका, त्या चॅनेलवर दुसरे कोणी बोलत असेल, तर थांबा. वर्गातली शिस्तच ही! शेजारची दोन यंत्रे एकाच चॅनेलवर असली, की दोघांना मिळून एकाचाच वेळ मिळतो.

मग चॅनेल वेगवेगळे द्यावेत. पण २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत आणि प्रत्येक संदेश सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापतो. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल सहसा वापरतात: १, ६ आणि ११. म्हणजे इमारतीचा नकाशा तीन रंगांत रंगवायचा. शेजाऱ्यांचा रंग सारखा नको. वरचा-खालचा मजलाही शेजारीच. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रंग अधिक मिळतात, मात्र त्या लहरी भिंतींमधून कमी पार होतात.

मोठ्या इमारतीत हे रंगकाम मध्यवर्ती नियंत्रक करतो. कोणाला कोणाचा आवाज किती ऐकू येतो, याची माहिती घेऊन तो चॅनेल वाटतो आणि आवाज कमी-जास्त करतो. आवाज नुसता वाढवून भागत नाही. फोनचा प्रक्षेपक दुबळा असल्याने त्याचे उत्तर परत पोचत नाही.

नियंत्रकाला भिंतीवरचे यंत्र मात्र हलवता येत नाही. व्हरांड्यात ओळीने लावलेली यंत्रे एकमेकांना स्वच्छ ऐकू येतात; मुले असतात भिंतीआड. म्हणून यंत्रे वर्गांतच हवीत. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. वीजही तिच्यातूनच देता येते. तेव्हा केबलचा मार्ग गिलाव्यापूर्वीच ठरवावा.

विद्यार्थ्यांना एक कोडे घालून पाहा: शेजारचे दोन वर्ग आणि त्यांच्यावरचे दोन. चौघांनाही एकमेकांचे ऐकू येते. तीन रंग पुरतील का? नाही. मग एक तर आवाज इतका कमी करायचा, की कोपऱ्यापलीकडचा शेजारी शेजारी राहणार नाही. नाहीतर एकाचा २.४ गिगाहर्ट्‌झचा प्रक्षेपक बंद ठेवायचा. यंत्र वाढवून हे कोडे सुटत नाही.