पात्यावरचे पाणी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी एक युद्ध चालते. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मंडळी तांब्या-पितळेवर तुटून पडतात, आणि समया, पराती, घंगाळी न्हाऊनमाखून लख्ख होतात. या धामधुमीत एका जिवाकडे मात्र कोणी मायेने पाहात नाही. तो म्हणजे फडताळात पडलेला जुना मिटवायचा चाकू. पाते काळवंडलेले, त्यावर निळसर-करडे डाग. गृहिणीच्या लेखी तो घासायच्या नाहीतर भंगाराच्या लायकीचा. त्याची वकिली करण्याचे मी योजिले आहे.

मी मराठीचा मास्तर, तेव्हा आधी शब्दांकडे वळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. सुरी ही संस्कृत क्षुरिकेची लेक. बोरू तासायच्या चाकूला कलमतराश म्हणत. पाते घासून चकाकी आणणे म्हणजे त्याला ओप देणे किंवा जिल्हई करणे, आणि हत्यारांना अशी जिल्हई करणारा तो शिकलगार. मुळात अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून उजळणे. तरवारी गेल्या, तेव्हा शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले. आडनावात मात्र तरवारीचा धंदा अजून शाबूत आहे. उरला ‘पाणी’ हा शब्द. लाल तापलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कठीण करायचे, याला पाणी देणे म्हणतात. तरवार पाणीदार, मोती पाणीदार, आणि आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत येणारा घोडाही पाणीदारच!

तर पाणी वेगळे आणि जिल्हई वेगळी. पाणी पात्याच्या अंगात असते, जिल्हई अंगावर. पुष्कळ घोटाळा होतो तो हा भेद न कळल्यामुळे.

जिल्हईचे प्रकार तरी किती! सर्वांत साधा म्हणजे भट्टीतून निघालेली काळी साल तशीच ठेवायची आणि फक्त धारेची कड घासायची. आपले विळे-कोयते असेच असतात. जपानात मिकी नावाच्या गावी ‘हिगोनोकामी’ हा साधासुधा मिटवायचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होतो. त्यातही असे काळे पाते मिळते. दुसरा प्रकार सहाणेचा. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून चाक करायचे आणि त्यावर पाते धरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. इंग्रजांनी ‘कोरंडम’ म्हणून जो शब्द घेतला तो आपल्या देशातलाच. या चाकाचे बारीक ओरखडे पात्यावर राहतात. ते जितके खोल, तितका त्यांत ओलावा अडकतो आणि गंज लवकर चढतो.

तिसरा प्रकार आरशाचा. इंग्लंडात शेफील्डचे कारागीर पाते इतके घोटीत की त्यात तोंड दिसावे. त्यासाठी वापरीत ती तांबडी पूड म्हणजे लोखंडाचेच भस्म, गंजाची सख्खी बहीण. ज्याने लोखंडाचा नाश व्हायचा त्यानेच त्याला तेज चढावे, ही गंमतच नव्हे काय? निकेलचा मुलामा हाही एक प्रकार, पण धार लावली की तो कडेला उडतो. ‘वरवरचा मुलामा’ हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. पुढे 1913 साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद केले. सुरुवातीला लोक त्याची टर उडवीत, की याने न कापणारी सुरी शोधून काढली! आज आपल्या घरात बहुतेक सुऱ्या त्याच वंशातल्या आहेत, आणि त्या सोयीच्या आहेत हे मी कशाला नाकारू?

पण सर्वांत देखणा प्रकार आपला. दक्षिणेत, आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावी, मुशीत पोलाद गाळीत. त्याच्या तरवारी दमास्कसच्या नावाने जगभर गाजल्या. घासलेल्या पात्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की आतली नागमोडी नक्षी वर येई. मायकेल फॅरेडेसारखा शास्त्रज्ञ 1819 साली या पोलादाचे पृथक्करण करीत बसला होता.

आता त्या काळ्या डागांविषयी. साध्या पोलादाने लिंबू, कैरी, आवळा चिरला की आंबटपणाने पाते काळवंडते. आवळ्यात, सुपारीत, हिरड्यात तुरटपणाही असतो. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळा-काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती याच गुणाने. म्हणजे बोरू तासणाऱ्या चाकूच्या अंगावर शाईच चढलेली असते म्हणा ना! हा काळा थर तांबड्या गंजासारखा पाते खात नाही, उलट त्या गंजाला थोडाफार आवर घालतो.

आमच्या घरी आजोबांचा असा एक चाकू आहे. शिंगाची मूठ, बोटभर पाते. आजोबांनी त्याने बोरू तासले, वडिलांनी शिसपेन्सिली, आणि मी पपया कापतो. शहादे-लोणखेड्याकडे पपईला काय तोटा! यंदा सौभाग्यवतींनी फर्मान काढले, “अहो, एकतर हा मोटारीच्या चाकावर लख्ख करून आणा, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरातून हलवा.”

मी तो गावातल्या म्हाताऱ्या लोहाराकडे नेला. आप्पांनी नखावर धार पाहिली, पाते उजेडाकडे धरले आणि म्हणाले, “सर, हाऊ मळ नई, हाई त्यानं कातडं शे.” मोटारीच्या चाकावर पाते दाबून धरले की कड बघता बघता तापते, हे त्यांनी समजावून दिले. सुमारे 230 अंशांवर ती गवतासारखी पिवळी दिसते, 300 च्या आसपास निळी पडते. निळी पडली की पाणी उतरले म्हणून समजा. मग चाकू आरशासारखा चमकेल, पण पपईच्या सालीवरही घसरेल. पुन्हा पाणी द्यायचे तर मूठ उपसून पाते भट्टीत घालावे लागेल, आणि इतके जुने शिंग उपसताना टिकेलच असे नाही.

आप्पांनी ओल्या दगडावर हाताने तेवढी कड घासून दिली, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि कोरड्या फडक्याने पुसून चाकू माझ्या हाती ठेवला. घरी सौभाग्यवतींनी त्याने पातळ कागद चिरून पाहिला. काही बोलल्या नाहीत, पण चाकू विळीशेजारी जाऊन बसला.

आप्पांच्या दुकानासमोर विळ्यांचे दोन ढीग होते. एक काळा, एक चकचकीत. पोलाद एकच, पाणी एकाच हाताने दिलेले. चकचकीत ढिगावर मोटारीची मजुरी चढलेली, म्हणून तो महाग. “चाक हलक्या हाताने धरतो, कड जपतो,” ते म्हणाले, “पण त्यात अर्धा दिवस जातो. काय करणार? काळा विळा पाहिला की पोरे म्हणतात, जुना माल.” मुलगा सुरतेला कामाला गेला आहे, भाता ओढायला दुसरे कोणी नाही. मी काळ्या ढिगातला एक विळा उचलला. त्या दिवशी त्या ढिगातून गेलेला तो पहिलाच, असे आप्पा पैसे मोजताना म्हणाले.