सत्तर हजार नाणी, एक मॅसिडोनियन घोडा

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका शेतात २०१२ साली माती आणि हिरव्या गंजाने घट्ट बांधलेला नाण्यांचा गठ्ठा सापडला. लांबी १४० सेंटीमीटर, रुंदी ८०, जाडी २०. वजन सुमारे पाऊण टन. दोन हौशी शोधक धातुशोधक यंत्र घेऊन तीस वर्षं या भागात चिकाटीने शोध घेत होते. गठ्ठा उकलत गेला तसा आकडा वाढत गेला आणि ७०,००० च्या जवळ येऊन थांबला. सेल्टिक नाण्यांचा इतका मोठा साठा आजवर दुसरा कुठेही मिळालेला नाही.

एकेक नाणं हातात घेऊन मिनिटभर पाहायचं म्हटलं, तर रोज आठ तास बसूनही पाच महिने जातील. एकाला एक लावून मांडली तर रांग दीड किलोमीटरच्या घरात जाईल. आणि यातलं प्रत्येक नाणं हाताने पाडलेलं! दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती ठेवायची आणि वरून हातोडा घालायचा.

बहुतेक नाणी आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी भागात राहणाऱ्या कोरिओसोलित या सेल्टिक जमातीची आहेत, चांदी-तांब्याच्या मिश्रणाची. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याला रोमन सेनापती सीझरच्या फौजा गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, घुसल्या, त्याच सुमाराची. एका बाजूला जाड वळणदार केसांचं मस्तक, दुसऱ्या बाजूला माणसाचं तोंड असलेला घोडा. मला थक्क करतो तो हा घोडा, कारण तो आला दोन हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या मॅसिडोनियातून.

अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याने इ.स.पू. चौथ्या शतकात सोन्याचं नाणं काढलं. वजन सुमारे ८.६ ग्रॅम. पुढे अपोलोचं मस्तक, मागे दोन घोड्यांचा रथ. त्याच्या खाणींचं वार्षिक उत्पन्न १,००० टॅलेंटहून जास्त होतं, असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्म. एका सुवर्णनाण्याला २० द्राख्म असा भाव धरला, तर हे वर्षाला तीन लाख सुवर्णनाण्यांइतकं उत्पन्न झालं! ग्रीक राजांच्या सैन्यात भाडोत्री म्हणून लढलेल्या सेल्टांच्या हाती असंच सोनं पडलं.

मग नक्कल सुरू झाली, आणि नकलेची नक्कल. दोनअडीचशे वर्षांत रथाची चाकं सुटी झाली, सारथी विरघळला, दोन घोड्यांचा एक झाला, फिलिपच्या नावाची ग्रीक अक्षरं नुसत्या रेघा होऊन राहिली. वजनही घटत गेलं. ब्रिटनमधली शेवटची सुवर्णनाणी साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरतात. पूर्वी याला कारागिरांचं अडाणीपण म्हणत. मला ते पटत नाही. ज्या हाताला घोड्याची मान एका वळणात पकडता येते, त्याला रथ काढता आला नसता असं कसं म्हणायचं? त्यांना आपला घोडा हवा होता.

ग्रीक नाण्याची ही वाट पूर्वेलाही गेली, थेट आपल्या नाशिकपर्यंत. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर राजाच्या मस्तकाभोवती ग्रीक अक्षरं आहेत. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवून घेतला.

जर्सीचा गठ्ठा सोडवायला जवळपास तीन वर्षं लागली. नाणं काढण्याआधी ते ढिगात नेमकं कुठे होतं, याची नोंद यंत्राने केली जाई. २०२१ मध्ये बेटाच्या सरकारने हा साठा ४२.५ लाख पौंडांना विकत घेतला. म्हणजे आत सापडलेली सोन्याची गळ्यातली कडी हिशेबात धरली नाहीत, तर नाण्यामागे साठेक पौंड. तो एकत्र राहिला हे फार चांगलं झालं. नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर कोणतं नाणं कोणाशेजारी पुरलं होतं, याच्या त्या सगळ्या नोंदी निरुपयोगी ठरल्या असत्या.